छपरावर सापडलेल्या दाढा

ती घटना आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी बाजारपेठेतला एक दंतवैद्य वकिलाला सोबत घेऊनच ठाण्यात आला. एका मासेविक्रेत्या बाईने दवाखान्यात शिरून शिवीगाळ केली आणि माशांची पाटी आपटून काचेचं दार फोडलं, अशी त्याची फिर्याद. डॉक्टरांवरच्या हल्ल्याचा कायदा कडक आहे आणि तो त्याला तोंडपाठ होता. आम्ही गुन्हा नोंदवला. नोटीस मिळताच बाई स्वतःहून हजर झाली.

पन्नाशीची, उन्हाने रापलेली बाई. तोंडाला पदर लावून बसली आणि काही विचारलं की नुसती मान हलवी. आरोपी असो की फिर्यादी, चहा पुढे केला की माणूस बोलता होतो, हा माझा अनुभव. मी चहा मागवला. नको नको म्हणत तिने एक घोट घेतला आणि तो चहा तिच्या नाकातून खाली आला. तिने घाईघाईने पदराने पुसला आणि लाजेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मावशी, ह्या काय?"

"पेज पिलंय तरी नाकातसून येता, सायबानू. वरचे दात काढल्यान तेव्हापासून. तीनदा दाखवूक गेलंय, माका आत घेतल्यान नाय. म्हणान पाटी आपटलंय."

"दुखत होते काय दात?"

"नाय वो! आदल्या दिसाक दातांनी कुर्ल्यो फोडून खाल्लंय. फुकटचा शिबिर होता म्हणान गेलंय. डॉक्टर म्हणालो, कीड आत आसा, तुमका दिसूची नाय. दात काढल्यान आणि थंयच स्क्रू बसयल्यान. तपासणी फुकट, स्क्रूचे पैशे घेतल्यान."

महिला पोलीस सोबत देऊन तिला जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथल्या दंतशल्यचिकित्सक बाईंनी एक्स-रे माझ्यासमोर उजेडात धरला. एक स्क्रू गालाच्या हाडामागे, पोकळीत आडवा पडला होता.

"दात काढल्या जागी लगेच इम्प्लांट बसवतात, पद्धत खोटी नाही," त्या म्हणाल्या. "पण वरच्या दाढांच्या वर हाड पातळ असतं आणि त्याच्यावर सायनसची पोकळी. हाड किती आहे हे आधी स्कॅन करून बघायचं. आणि दाढ वाचतच नसेल तरच काढायची. इथे भोक थेट पोकळीत उघडलंय."

डॉक्टरला चौकशीला बोलावलं. पायावर पाय टाकून बसला. "दाढा पूर्ण किडलेल्या होत्या. इम्प्लांट कधीकधी सरकतो. तज्ज्ञ समितीच्या अभिप्रायाशिवाय तुम्ही मला हात लावू शकत नाही, साहेब."

"काढलेल्या दाढा कुठे आहेत?"

"कचऱ्यात. त्या कोण ठेवतं?"

त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी बाईच्या घरी गेलो आणि तोच प्रश्न तिला विचारला. तिने सहज वर बोट दाखवलं.

"छपरार उडवलंय. माझे दात माका दी, म्हणान नर्सकडसून मागान घेतलंय. दात पडलो काय छपरार टाकूचो, ल्हानपणापासून तीच रीत."

नोकरीत मी विहिरीत, होडीत, काजूच्या बागेत पंचनामे केले. कौलांवरचा तो एकच. पंच खाली, माना वर करून उभे; वर हवालदार एकेक कौल चाचपत होता. शेवाळात अडकलेल्या दोन दाढा मिळाल्या. सीलबंद करून रुग्णालयात पाठवल्या. अहवाल आला: कीड नाही, मुळं शाबूत.

गावच्या भांडणात कोणाचा दात पाडला तर आम्ही गंभीर दुखापतीचं कलम लावतो. इथे धडधाकट दाढा उपटल्या होत्या, तेही खोटं सांगून. मी अहवाल डॉक्टरपुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला. पाय खाली आले.

"शिबिरात आलेला माणूस पुन्हा येत नाही," तो शेवटी म्हणाला. "जे करायचं ते त्याच दिवशी करावं लागतं. आणि साहेब, वय झाल्यावर पडायच्याच होत्या ना त्या?"

इतक्या वर्षांत चोर, दरोडेखोर, खुनी समोर बसलेले पाहिले. हात उचलावासा वाटला तो याच्यावर. उचलला नाही. जबाब लिहून घेतला.

गावात बातमी पसरली तशी त्याच शिबिरातली आणखी माणसं पुढे आली. समितीने डॉक्टरविरुद्ध अभिप्राय दिला, दोषारोपपत्र दाखल झालं. बाईची शस्त्रक्रिया होऊन भोक बुजलं. पण डॉक्टर जामिनावर आहे, खटल्याला तारखा पडताहेत, आणि दवाखान्याची पाटी दुसऱ्या गावात लागली आहे. काचेच्या दाराचा खटला मात्र आधी निकाली निघाला!

ठाण्याची पायरी जो पहिला चढतो तो पीडित, असं आपण नकळत धरून चालतो. ज्याला कायदा ठाऊक असतो तोच आधी पोचतो. आरोपीलाही आधी 'तुला काय झालं' असं विचारावं, हे मी त्या बाईमुळे शिकलो.

तिच्या सुनावणीला मी हजर होतो. दार फोडलं का, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती ताठ उभी राहिली.

"फोडलंय. तीनदा तोंडान सांगलंय, कोणी आयकाक नाय. काच फुटली तेव्हा सगळ्यांनी आयकला."