मास्तरांचा श्वास

वसईकडच्या आमच्या चर्चमध्ये अर्पणाच्या गीताची दुसरी ओळ संपली की सगळी माणसं जराशी थांबतात. चालीत तिथे थांबायची जागा नाही. पण बस्त्याव मास्तरांना दमा होता. पेटी वाजवत गाताना त्यांचा श्वास नेमका तिथे संपायचा, म्हणून लोकही थांबायचे. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली.

आता कीबोर्डवर बसणाऱ्या सुनीता टीचर या थांबण्याला वैतागल्या आहेत. गेल्या रविवारी मिस्सा सुरू व्हायच्या आधी त्यांनी माइकवरून सांगितलं, "दुसऱ्या ओळीनंतर कुणी थांबायचं नाही. सरळ पुढे जायचं." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि गीत आलं तेव्हा सगळे तिथेच थांबले. कीबोर्ड एकटाच दोन पावलं पुढे गेला आणि ओशाळून परत आला.

यात हट्ट कुणाचाच नव्हता. एकटा गाणारा सूर सांभाळतो, घोळक्यात गाणारा शेजारच्याचा श्वास सांभाळतो. तो श्वास मुळात कुणाचा, हे त्याला ठाऊक असायची गरज नसते. पुढच्या बाकांवरच्या पोरांनी मास्तरांना पाहिलेलंही नाही, तरी तीही थांबतात.

मी स्वतः गात नाही. मागच्या खांबाला टेकून, तोंड मिटून हे सगळं पाहत असतो. आपण यातले नाही, असंच मला वाटायचं. त्या रविवारी कीबोर्ड पुढे निघून गेला, तेव्हा लक्षात आलं की श्वास मीही धरून ठेवला होता.