अर्धा गुडघा

ताईचे आणि माझे गुडघे एकाच सुमारास दुखायला लागले. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कळंबकडच्या एका खेड्यात दिलेली, जन्म शेतात गेलेला. मी यवतमाळात कचेरीतली नोकरी करून निवृत्त झालेली. डॉक्टरांकडे दोघी सोबतच गेलो.

त्यांनी दोघींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले. माझ्या उजव्या गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजली होती. बाकी सांधा आणि त्याला धरून ठेवणारे बंध शाबूत होते, म्हणून तेवढाच भाग बदलून भागणार होतं. ताईला मात्र कित्येक वर्षांचा संधिवात.

"हिले अर्धा, तं मले काहून नाही?" तिनं विचारलं.

"तुमचा सगळाच सांधा खराब आहे, मावशी. अर्धा बदलला तर उरलेला अर्धा हा वात खाऊन टाकेल. तुम्हाला पूर्णच बदलावा लागेल."

ताई त्यालाही तयार झाली. पण हृदयाच्या डॉक्टरांनी भूल द्यायला परवानगी दिली नाही. परतताना ती एवढंच म्हणाली, "तू करून घे वं. एक तरी धड राहू दे."

मी करून घेतलं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले, तीन महिन्यांत जिने उतरू लागले. गुडघ्यावर टेकून बसणं तेवढं जमत नाही. कातडीचा एक तुकडा अजून बधिर आहे.

कापूस फुटला तेव्हा तिच्याकडे गेले. तिनं मला अंगणात चालायला लावलं, टाक्यांच्या खुणेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वावरात जाऊन ये. मी गेलती त्याले साल झालं."

मी एकटीच निघाले. लहानपणी वडिलांच्या शेतात जाताना ती भराभर पुढे चालायची, मी मागून रडत पळायचे. आता पाय साथ देत होता आणि वाटेवर पुढे कोणीच नव्हतं. तूर फुलून पिवळी झाली होती. मला तिथं थांबवेना.

घरी आले तर ती खाटेवर वाटच पाहत होती.

"धुऱ्यावरची बोर पाहिली?"

"बांधावरची ना? पाहिली. लगडली आहे."

"कोणत्या बाजूनं?"

मी नीट पाहिलं नव्हतं. "नाल्याकडच्या," म्हणाले.

तिनं डोळे मिटले. "हां. तिकडचीच गोड असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा वावरात गेले, खरं काय ते पाहायला.