बॅकअप फेल झाल्याचा मेल मलाच यायचा

मंडळी, आज सकाळी एका सरांचा फोन आला. कोथरूडमध्ये त्यांचा दहावी-बारावीचा क्लास आहे. तिथलं ऑफिस मी नऊ वर्षं सांभाळलं. जूनमध्ये त्यांनी मला काढलं. म्हणाले, "आता सगळं आपोआप होतं, तुमचं काम उरलं नाही."

आपोआप होणाऱ्या गोष्टींत कॉम्प्युटरचा रोजचा बॅकअपही होता. तो झाला नाही की मेल यायचा. सेटिंग मी केलं होतं, म्हणून मेल मलाच यायचा. मला काढताना तो पत्ता बदलायचं कोणाला सुचलं नाही.

ऑगस्टमध्ये पहिला मेल आला, बॅकअप फेल. मी लगेच फोन केला, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सर म्हणाले, "अहो, आता तुम्ही इथल्या कामात लक्ष घालू नका."

मग नाही घातलं. मेल रोज यायचा. मी तो चहाबरोबर वाचायचे.

काल त्यांची डिस्क गेली. नोट्स, पेपर, सगळं.

"जुनी कॉपी आहे का हो तुमच्याकडे?"

"नाही. बॅकअप बंद पडलाय एवढं माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लक्ष घालू नका म्हणालात ना."

त्यातल्या निम्म्या नोट्स मीच टाइप केल्या होत्या. तरीही फोन ठेवून मी आणखी थोडे पोहे घेतले.

तुमच्या ऑफिसचे असे मेल कोणाला जातात, एकदा बघा. आणि त्या माणसाला काढल्यावर काय बोलला होतात, तेही आठवून ठेवा. त्याला आठवतंय.