हर्षाचे शंभर वाचक

आमची हर्षा जन्माची भित्री. अनोळखी नंबरवरून फोन आला की शेजारच्याच्या हातात देणार. भंडाऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये ती मुद्रितं तपासते आणि दिवसभर कानात गिटार अन् ड्रम ऐकते. अशा पोरीने रॉक संगीताचं मराठी मासिक काढायचं ठरवलं, तेव्हा मी, तिचा चुलतभाऊ अमर, पोट धरून हसलो होतो.

दोन प्रकाशकांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. तिसरा नागपूरचा. तो म्हणाला, "वाचणार कोण, ते दाखवा. नाव, वय, पत्ता, कामधंदा, असे शंभर जण. महिनाअखेरपर्यंत यादी आली तर छापतो."

कॉलेजच्या पोरांनी पंचवीस नावांवर बोळवण केली. मग कळलं, चिखल्याला खाणकामगारांच्या वसाहतीत पोरांचा एक बँड आहे. रविवारी मी तिला मोटरसायकलवर तिकडे नेलं.

ड्रम वाजवणारा अंकुश भेटला. त्याची आई कौशल्याबाई चहा पाजून स्वतःच हर्षाला घरोघरी घेऊन निघाली. "माह्या पोराच्या बाजाचं पुस्तक निंघून राहिलं, लिहून द्या," असं प्रत्येक दारात सांगायची. दुपारपर्यंत पंच्याहत्तर फॉर्म भरले. कागद हरवतील या धास्तीने हर्षाने सगळ्या फॉर्मांचे फोटो काढून तिथूनच प्रकाशकाला पाठवले.

चूक फॉर्मातच होती. तिने तो प्रेसमध्ये पडलेल्या एका सरकारी कुटुंब-पाहणीवरून उतरवला होता. घरातला कमावता कोण, नोकरीवर की निवृत्त, घर स्वतःचं की कंपनीचं, त्यात किती वर्षं. निवृत्तीनंतर घर सोडावं लागतं, हे वसाहतीतलं शेंबडं पोरही जाणतं. कौशल्याबाईचा नवरा निवृत्त होऊन, वारूनही दोन वर्षं झाली होती, आणि तिने ते सगळं खरं खरं लिहून दिलं होतं.

नंदलाल नावाच्या म्हाताऱ्याने फॉर्म मोठ्याने वाचला अन् थांबला. "गाण्याच्या पुस्तकाले आमचं घर कायले पायजे? कोनं पाठवलं तुले?"

दहा मिनिटांत चाळीसेक माणसं भोवती जमली. कोणी आरडाओरडा केला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. माझ्या गाडीची किल्ली कोणीतरी काढून घेतली. हर्षाने एकेक कागद ज्याचा त्याला परत दिला. कौशल्याबाईने आपला घडी करून पोलक्यात ठेवला आणि हळूच विचारलं, "फोनमंधी त नाही न काही?"

"नाही जी, काकू," हर्षा म्हणाली. मी खाली पाहिलं. मग किल्ली मिळाली.

तुमसरच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला लावली. फोनला भिणाऱ्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून फोन लावला आणि ती यादी पुसून टाकायची विनवणी केली.

"पुसायची कशाला? अभिनंदन करा, अंक पक्का," प्रकाशक म्हणाला. "जाहिराती मागायला सगळीकडे पाठवलीसुद्धा."

"सगळीकडे म्हणजे कुठे?"

"आता ते काय मोजलंय होय."

त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणून मी चिडवून पाहिलं, पण मलाही हसू येईना.

तीन आठवड्यांनी कौशल्याबाईचा फोन आला. हर्षाने तो स्पीकरवर टाकला, एकटीने ऐकायची तिची छाती नव्हती. घर खाली करायची नोटीस आली होती. अशा नोटिसा अधूनमधून निघतातच, त्यात यादीचा काही संबंध नसेल, असं मी तिला आजही समजावतो. खरं काय ते मलाही ठाऊक नाही.

"लोकं म्हनून राहिले, त्या पोरीनंच नावं देली," कौशल्याबाई म्हणाली. "म्हनून इचारतो बाई. तू त कोनाले देलं नाही न?"

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

"नाही जी, काकू."

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मी सगळ्याइले तेच सांगून राहिली."