भुशाची फळी घेऊन पारशिवनीकडे

वैशाख पौर्णिमेला मामाच्या गावच्या विहारात बुद्धमूर्ती बसणार होती. मूर्तीखाली सागाची फळी आणायचं ठरत होतं, तेवढ्यात मामाने बैठकीत सांगून टाकलं, ''फळी आमची भाची बनवून राहिली.'' मग मला जावंच लागलं.

माझी फळी लाकडाच्या भुशाची. बाबा आरा मशीनवर कामाला आहेत. तिथे भुशाचे ढीग पडून असतात. शेजारच्या लेथवाल्याकडचा लोखंडाचा कीसही वायाच जातो. घरातली पहिली पदवी माझी. या दोन टाकाऊ गोष्टींतून गरिबाघरची फळी व्हावी, हा माझा ध्यास. नुसत्या भुशाची फळी बाबा उभे राहताच मोडली होती. भुसा आणि कीस राळेत मिसळून दाबलेली दुसरी जराही वाकली नाही.

आमच्या सक्करदऱ्याहून सायकलरिक्षाने स्टँड गाठला. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची पहिली एस.टी. धरा आणि डावीकडे बसा. ऊन उजवीकडून येतं. गोधडीत गुंडाळलेली फळी उचलताना कंडक्टर कण्हला.

''काय भरलं वं बाई यात? लोखंड?''

''भुसा आहे. थोडं लोखंडही.''

''भुसा! मंग माही गाडी कागदाची हाय.''

सगळी गाडी हसली. मीही हसले, पण हात गोधडीवरच होता. खापरखेड्याला वीजघराची राख बशीच्या काठावर बसते. तरी तिथला चहा आणि गरम भजी चुकवू नका. पारशिवनीला मामा बैलगाडी घेऊन उभा होता. पुढचा रस्ता धुळीचा. डोक्याला दुपट्टा हवाच.

रात्री मामीने भाकर, वांग्याची भाजी आणि आंब्याचं पन्हं वाढलं. जेवताना मी शेजाऱ्यांना फळी किती वजन पेलते ते सांगत होते. मामा माझ्याकडे पाहत होता. त्याचा शब्द त्या फळीवर होता.

सकाळी उठले तर अंगणात पाणीच पाणी. मामी आणि चार बायांनी फळी घासूनपुसून, बादल्या ओतून, भिंतीला टेकवून ठेवली होती.

''मामी, काहून धुतली?''

''वा वं! भगवान बसनार अन् न धुता ठेवू? तुह्या कॉलेजात धूत नाहीत का?''

फळीच्या कडा भिजल्या पापडासारख्या फुगल्या होत्या. किसाच्या जागी तांबूस डाग उमटत होते. वजनाबद्दल मी सगळ्यांना सांगितलं होतं, पाण्याबद्दल कोणालाच नाही. विहारात लोक जमू लागले होते.

मामाने हळूच विचारलं, ''टिकन का वं?''

हो म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, ''मला माहीत नाही, मामा. आधी विटा ठेवून पाहू.''

सगळ्यांसमोर दोन दगडांवर फळी ठेवली आणि विटा रचल्या. मधोमध ती हळूहळू खाली गेली. तुटली नाही. पण विटा काढल्यावर परत सरळही झाली नाही. कोणीतरी मागून म्हणालं, ''शिकलेल्या पोरीची फळी!'' मामाने मान खाली घातली.

''यावर मूर्ती ठेवायची नाही,'' मी म्हटलं.

मामा उठला, घरात गेला आणि मामीची माहेरची सागाची पेटी एकट्याने उचलून आणली. मूर्ती तिच्यावर बसली. वंदना झाली, खीर वाटली गेली. फळी विहाराच्या भिंतीला तशीच टेकून होती.

निघताना मामी म्हणाली, ''पुढल्या खेपेले दुसरी आन. पन मी तं धुईनच, सांगून ठेवतो.'' मामा गाडी जुंपत होता. तो एवढंच म्हणाला, ''आन वं.''

घरी मी पायातल्या चपला काढायच्या आत बाबांनी विचारलं, ''टिकली का वं?''

''तुटली नाही. भिजली.''

त्यांनी खाटेखालून भुशाचं नवं पोतं ओढून माझ्यापुढे ठेवलं.

जाऊन येण्यासारखं गाव आहे ते. माझ्याजवळ मात्र तिथलं ओलं अंगण राहिलं. परवा नवी फळी साच्यातून निघाली. बाबा सवयीने चपला काढून तिच्यावर चढायला आले. मी त्यांना थांबवलं आणि बादली आणायला गेले.