फुक्सिन आणि ताईची थुंकी

माझ्या बोटांचा गुलाबी रंग काही केल्या जायचा नाही. साबण, चिंच, राख, सगळं घासून झालं. कापड छापणाऱ्यांसारखी रंगलेली बोटं बघून टांगेवाला विचारायचा, "बाईजी, भैरवगढ़ में छपाई का काम करती हो क्या?" मी म्हणायची, "हाँ भैया, थूक पे छपाई करती हूँ." बिचारा घोडा हाकायला लागायचा.

मी उज्जैनच्या सरकारी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत होते. मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश होत होता, कचेऱ्या भोपाळला चालल्या होत्या आणि आमच्या मराठी घरांत बदल्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. माझ्या टेबलावर मात्र बाटल्या. काचेच्या पट्टीवर थुंकी पसरायची, वर फुक्सिनचा गडद रंग ओतायचा आणि वाफ येईपर्यंत खालून शेकायचं. मग आम्लानं धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. वरून निळा रंग दिला की निळ्यात लाल काड्या उठून दिसतात. दिसल्या की क्षय. इतकं सरळ काम.

माझी थोरली बहीण गावातच दिलेली. हिवाळ्यात ताईला खोकला लागला तो हटेचना. संध्याकाळी अंगात कणकण. मी तिच्या सासूबाईंना म्हटलं, "काकू, तिची सकाळची पहिली थुंकी बाटलीत द्या, मी बघते." त्यांनी तोंड वाकडं केलं. त्यांचं सोवळं कडक. माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत, "काय काय हाताळतेस गं बाई!" म्हणून. शिवाय ताईच्या नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. तरी दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन त्या स्वतः आल्या. मला केवढं बरं वाटलं!

पट्टीमागून पट्टी रंगवली. सगळं निळं, लाल काडी औषधालासुद्धा नाही. मी धावतच ताईकडे गेले. लग्नाचे पापड लाटायला शेजारणी जमल्या होत्या. मी दारातूनच ओरडले, "ताई, काही नाहीये गं तुला!" ताईनं सासूकडे पाहिलं. "बरं झालं," म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

लग्न थाटात झालं. ताई तोंडाला पदर लावून खोकत होती आणि पंगतीत वाढत होती.

वऱ्हाड गेलं आणि थोड्याच दिवसांत तिच्या तोंडातून रक्त पडलं. तेव्हा कुठे तिला दवाखान्यात आणली. या वेळी मी समोर उभी राहून थुंकी घेतली, रंगवली. लाल काड्यांचा नुसता बुजबुजाट!

"मग ती बाटली?" मी विचारलं.

ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यांची होती. आधी वन्संचं लग्न होऊ दे, मग तुझं बघू, म्हणाल्या."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मला त्याच घरात राहायचंय ना गं."

सोवळ्यातली बाई, स्वतः बाटलीत थुंकली आणि माझ्या हातात आणून दिली! अजून आठवलं की डोकं फिरतं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यातच आणायला हवी होती. उन्हाळ्यात ताई गेली.

भेटायला आलेल्या बायकांना सासूबाई सांगत होत्या, "मोतीझऱ्याचा ताप आला होता हो." माझ्यानं राहवेना. मी भर खोलीत म्हटलं, "मोतीझरा नाही, क्षय होता. आणि यांना तो ठाऊक होता. तपासायला दिलेली थुंकी ताईची नव्हतीच, यांची होती!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"काय बोलतेस गं हे? काही नाहीये म्हणून तूच ओरडत आली होतीस ना? आम्ही बापडे तुझ्या शब्दावर राहिलो."

कोपऱ्यातली शेजारीण मान हलवत म्हणाली, "हो, ऐकलं होतं आम्ही."