चौघांचं एकमत

नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी जुनी चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "मोरेबाई, समितीचं काहीतरी सांगा!" आणि एक किस्सा काढला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. कचेरीच्या प्रोसिडिंगच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. किस्से मात्र तिलाही पचले नाहीत!

गोष्ट सत्तरच्या दशकातली, भिवंडीतली. नारपोलीत आमच्या सहकारी संस्थेची कचेरी होती. खाली कापडाच्या लूमचा खडखडाट, वर आम्ही. दरवर्षी आसपासच्या लोकांसाठी एखादं काम करायचं, असा संस्थेचा नियम. कुठलं काम घ्यायचं, ते चौघांची समिती ठरवायची. अध्यक्ष कोन गावचे अण्णा पाटील. बोलायला लागले की खालच्या लूमचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि लिहायला लागले की पानात चारच शब्द मावायचे! दुसरे नारपोलीचे कारखानदार रहीमचाचा. तिसऱ्या खारबावच्या म्हात्रेकाकू. चौथे रिटायर्ड गुरुजी. मी क्लार्क. मला मत नाही, फक्त पेन.

पहिल्याच वर्षी गुरुजींनी नियम केला की निर्णय एकमतानंच व्हायचा. एका अर्जावर चांगला तासभर खल झाला. अण्णा म्हणाले, "उत्तम!" चाचा म्हणाले, "बढिया!" गुरुजी म्हणाले, "स्तुत्य!" काकू काही मान डोलवेनात.

अण्णा वैतागले. "काकू, तुमची हरकत तरी काय?"

"हरकत न्हाय हो. पन काम काय हाय, ते तरी कुनी सांगा!"

अण्णांनी चाचांकडे पाहिलं, चाचांनी गुरुजींकडे, गुरुजींनी माझ्याकडे. अर्जाचा लखोटा माझ्या टेबलावर होता. न फोडलेला! प्रत्येकाला वाटलं होतं, बाकीच्यांनी वाचलाय.

मग एकमत गेलं आणि हात वर करायची पद्धत आली. एका दुपारी मी तालमीच्या छपराचा अर्ज वाचत होते. अण्णांना पंखा जोरात लागला म्हणून त्यांनी मला 'कमी करा' असा हात वर केला. तोच तिघांचे हात वर!

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "बहुमतानं मंजूर."

"अहो, मी पंख्याचं म्हणतोय!" अण्णा ओरडले.

"वो भी मंजूर!" चाचा म्हणाले.

छप्पर झालं. पैलवान येऊन अण्णांचा सत्कार करून गेले, आणि आम्ही नियम केला की अध्यक्षांनी हात सगळ्यांत शेवटी वर करायचा.

मग एक साहेब आले आणि गुणांचा छापील तक्ता देऊन गेले. प्रत्येक कामाला शंभरपैकी मार्क द्यायचे! गुरुजींना कोण आनंद. पहिलं काम आलं ते स्मशानातल्या शेडचं. तक्त्यातला चौथा प्रश्न होता, 'लाभार्थी समाधानी राहतील काय?'

गुरुजींनी तो दोनदा वाचला. शेवटी चाचांनी दाढी कुरवाळली. "पूरे नंबर दे दो मास्टरजी. आज तक किसी ने लौटकर शिकायत नहीं की!"

तक्ता त्यानंतर कपाटात गेला.

खरा उपयोगी पडला तो वेगळाच नियम. प्रत्येक मीटिंगला आळीपाळीनं एकानं विरोधकाची ड्युटी करायची. काम कितीही आवडलं तरी त्यातल्या उणिवा काढायच्या. काकूंची पाळी आली, आणि अर्ज आला त्यांच्याच खारबावच्या विहिरीचा!

काकू उभ्या राहिल्या. "जागा निवडली पुरुषांनी. पानी भरनार बाया. तिथं पोचायला बांध चढायचा, पोटुशीनं कसा चढायचा? आन बाजूची हीर दर उन्हाळ्यात आटते, ही कशी टिकंल?" असं एकेक. मी लिहून लिहून दमले. विहीर नामंजूर!

गावात काकूंशी महिनाभर कोणी धड बोललं नाही. "घरातसुदा ताट हातात न्हाय, सरकवून देतात," त्या मला सांगायच्या. डोळ्यांत पाणी असायचं, पण माघार नाही. मग खारबावच्या बायकांनी स्वतः फिरून बांधाच्या अलीकडे, ओलाव्याची जागा शोधली आणि नवा अर्ज केला. गुरुजींनी विचारलं, "विरोध कोण करणार?" सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"माज्याकडं नका बगू! मी आज ड्युटीवर न्हाय!"

विहिरीला पाणी असं लागलं की खणणारे भिजूनच वर आले.

आता हा शेवटचा. त्या वर्षी दोनच अर्ज राहिले होते. कोनच्या शाळेला वर्गखोली आणि नारपोलीला दवाखान्याची खोली. कोन अण्णांचं गाव, नारपोली चाचांचं. काम एकच घेता येणार होतं. गुरुजी म्हणाले, "संबंध बिघडायला नकोत. गुप्त चिठ्ठ्या टाका." बरोबरी झाली तर अध्यक्षांचं जादा मत धरायचं, हा नियम होताच.

चौघांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी एकेक उघडून वाचू लागले.

पहिली, "नारपोली." बैलाएवढी अक्षरं! ती कोणाची, हे खोलीत प्रत्येकाला कळलं. अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. चाचा मात्र अण्णांकडे बघत राहिले, बराच वेळ.

दुसरी कोन. तिसरीही कोन.

चौथी उघडली तर उर्दू! ती वाचता येणारा माणूस खोलीत एकच. मी चिठ्ठी चाचांपुढे धरली. "चाचा, तुम्हीच वाचा."

चाचांनी चिठ्ठी घेतली, घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "कोन!"

तीन विरुद्ध एक. कोनला वर्गखोली झाली. पुढच्या वर्षी नारपोलीचा दवाखाना आला तेव्हा अण्णांनी अर्ज वाचूसुद्धा दिला नाही, आधीच हात वर!

त्यानंतर एकदा उर्दू शाळेचे एक मास्तर काही कामानं कचेरीत आले होते. चिठ्ठ्या अजून माझ्या खणात होत्या. मी ती चिठ्ठी त्यांना सहज दाखवली.

"नारपोली," मास्तर म्हणाले. "साफ लिखा है." म्हणजे खरी मतं दोन-दोन, आणि जादा मत अण्णांचं!

संध्याकाळी चाचा जिना चढून आले, तशी मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती पाहिली, चार तुकडे केले आणि खिशात टाकले.

"क्या करें बेटी, उस दिन चष्मा घर पे भूल गए थे."

इतक्या वर्षांत मी चाचांना चष्म्यात कधी पाहिलं नव्हतं!